उसवलेली डावी बाजू

— नाही, ड्रेस सैल करून नाही मिळणार. हात खाली घे आणि श्वास सोड. टेप काय खोटं बोलतो का? मागच्या ट्रायलला दोन्ही बाजू सारख्या होत्या, आज डावीकडे खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत पाऊण इंच कमी भरतंय. म्हणजे काय? म्हणजे डावी वर सरकलीय. लाजू नकोस, पडदा ओढलाय — आणि तू छातीत पिशव्या बसवून घेतल्यात हे मला पहिल्याच मापाला कळलं होतं. चौथीपर्यंतच शिकले, पण तीस वर्षं बायकांची मापं घेतेय, बोटांना सगळं वाचता येतं. आधी ते वरच्या फळीवरचं निळं रीळ काढ बरं, तू उंच आहेस.

ऑपरेशनला किती झालं म्हणालीस — दीड वर्ष? हं. सुरुवातीला वरच असतात म्हणतेस — असतात ना, मी कुठे नाही म्हणतेय? गळ्याखाली दोन उशा बांधल्यासारख्या, ताठ, कातडी नुसती चकाकते. मग तीन-चार महिन्यांत उतरतात, मऊ पडतात. पण उतरलेली परत चढते का? जिना आहे का तो? आणि दाबल्यावर टणक लागते, त्या कुशीवर झोपवत नाही — बघ, मी विचारायच्या आधीच तुझी मान हलली.

मला कसं माहीत? — गिऱ्हाइकं सांगतात. एक होती अशीच, शिंपीणच होती. दोन पोरं पाजून झाल्यावर नवरा चारचौघांत तिला इस्त्रीची फळी म्हणायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. मग बाई हट्टाला पेटली — घरी सांगितलं, पित्ताचे खडे काढायला चाललेय, आणि आली बसवून. नवऱ्याची बोलती बंद. चार वर्षं झकास गेली. दरवर्षी दाखवून जा म्हणून डॉक्टरनं बजावलेलं — गेली का? कशाला जाईल, दुखत नव्हतं ना. पाचव्या वर्षी डावी चढायला लागली, मुठीसारखी आवळत गेली. तेव्हा तरी जावं की नाही? हिनं काय केलं — ब्लाउजच्या उजवीकडच्या अस्तरात स्पंज भरला आणि छातीवरची टक्सची चुणी पाव इंच वर घेतली. पुढच्या वर्षी अर्धा. दुसऱ्या कुठल्या बाईला जमलं नसतं, हातातल्या कलेनंच घात केला. आरशात दोन्ही बाजू सारख्या, मग दुखणं कसलं? चार वर्षं मी अशी माझीच —

काय बघतेस? होय, मीच. शिवणीतच पकडलंस मला.

लेकीलासुद्धा ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण आहे, म्हणते, आई, पहिली आंघोळ तूच घालायची. कशी घालू? डाव्या हातावर बाळ पेलवणार नाही, तो खांद्याच्या वरसुद्धा जात नाही. आणि काखेत वाटाण्याएवढं काहीतरी लागायला लागलंय. काय आहे ते — मला नाही माहीत, आणि ज्याला माहीत असेल त्याच्यासमोर बसायचा धीर नाही. लेकीपुढे काय सांगू, पित्ताचे खडे छातीत चढले म्हणून?

म्हणून ऐक. हा ड्रेस मी सारखा करणार नाही. सारखा केला की तू आरशात बघशील, खूश होशील, आणि जाणार नाहीस. डावी बाजू उसवून ठेवलीय, तशीच घेऊन जा. तुझ्या भावाच्या लग्नात दिसलं तर दिसू दे, लोक तुला बघायला येणार नाहीत, नवरीला बघतील. उद्या सकाळी आधी डॉक्टर, मग माझ्याकडे ये, शिवण तेवढी घालून देईन. दुसऱ्या शिंप्याकडे गेलीस तर तंगडं मोडीन.

माझं काय? माझं झालं आता, मी म्हातारी — पन्नास म्हणजे म्हातारीच की. माझं सोड. गिऱ्हाइकं आहेत, दुकान आहे —

अगं, रीळ परत वर का ठेवलंस? मला काढायला सांगतेस, डाव्या हातानं? काढते की. त्यात काय एवढं. हे बघ —

थांब. स्टूल नको.

पडदा उघडू नकोस एवढ्यात. तोंड पुसू दे मला. — किती वाजता उघडतो म्हणालीस तुझ्या डॉक्टरचा दवाखाना?