सुईची रेघ

एकोणीसशे सत्याऐंशी. उन्हाळा, मे महिन्याचा तिसरा आठवडा. शहाऐंशी नाही. तुझ्या बापाने शहाऐंशी सांगितलं असेल तर त्याची आठवण चुकते, माझी चुकत नाही. — बस. त्या स्टुलावर नको, तेल सांडलंय. खुर्ची घे. आणि ते ॲल्युमिनियमचे पत्रे उचलू नकोस, माझं बोलून झालेलं नाही. हे मी वाकवून देणार नाही म्हटलं की लगेच निघाली! हा राग तुझ्या बापाचा नाही, हा आमच्या आईचा.

तुझं माप चांगलं आहे. हे आधी सांगतो, कारण मी सहसा कुणाला सांगत नाही. दोन दारं, बॉनेट, मागच्या चाकांवरची मडगार्डं — सगळं गुण्यात आहे, कोपरा न् कोपरा काटकोनात, अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे नाही. परसात एकटीने तीन वर्षं खपून जुन्या चासीवर ट्रक उभा करतेस, डोंगरात दगडांवरून चढवायचा म्हणतेस — चढव. सांगाडा मी पाहिलाय, वेल्डिंग बरं आहे. बरं म्हणजे चांगलं. माझ्या तोंडून बरं आलं की चांगलं समजायचं. पण इकडे ये. बोट दे. असं नाही, नखाने. या रेघेवरून नख आडवं फिरव. अडकलं? अडकलं ना? मग. ही तू आखणीच्या सुईने काढलीस. लोखंडी पत्र्यावर सुईनेच आखतात, तिथे काही बिघडत नाही. हे ॲल्युमिनियम आहे. जिथे वाकवायचं तिथे फक्त पेन्सिल. सुईची रेघ म्हणजे ओरखडा, आणि वाकवताना ओरखडा बाहेरच्या अंगाला आला की त्याचं तोंड उघडतं. आज नाही दिसणार. रंग दिलास की अजिबात नाही. गाडी हादरत राहते, चीर आत आत जात राहते, आणि एक दिवस बिजागरीकडची सगळी कड फाटून हातात येते. वेडीवाकडी नाही फाटत. रेघेवरूनच फाटते, सरळ.

कुणी शिकवलं सुईने आखायला? — मोबाइल. मोबाइलने शिकवलं. घरात या कामातला असा माणूस बसलाय की त्याच्यासारखा मी दुसरा पाहिला नाही, आणि पोरगी मोबाइलला विचारते. — काय? — बाप परसाकडचं दारच उघडत नाही? तीन वर्षं? गाडी उभी राहिली तेव्हापासून? — हं. — नाही, मला हे माहीत नव्हतं. तो माझ्याशी बोलतो तेव्हा तब्येतीचं बोलतो. पाण्याच्या मोटारीचं बोलतो. गाडीचं नाही बोलत.

पुढच्या गल्लीतला वाकवून देईल म्हणतेस. देईल की. तो काय, सांगितलंस तर स्वतःच्या सासऱ्याला काटकोनात वाकवून देईल. त्याच्याकडे बेंडिंग मशीन मोठं आहे, डोकं लहान आहे. तो रेघ बघणारसुद्धा नाही. आणि तू दार बसवशील, आणि शेजारी कुणाला तरी बसवशील. म्हणून सांगतोय, बस.

तेव्हा, सत्याऐंशीत, आम्ही दोघं होतो, मी आणि तुझा बाप. हेच दुकान, हाच ओटा. आमच्याकडे एक घड्याळजी आला. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढे स्क्रू फिरवलेला माणूस — म्हणाला, मला एकदा काहीतरी मोठं करायचंय. घरी ट्रक बांधत होता, तुझ्यासारखाच. इंजिन कुठलं, चाकं कुठली, पण डोकं होतं. बॉडी ॲल्युमिनियमची हवी होती, वजन कमी म्हणून. आम्ही घेतलं काम. दोन महिने तेच केलं. तुझा बाप तेव्हा अठ्ठावीसचा. त्याचा हात — कसं सांगू तुला. मी ठोकलं की आवाज यायचा, तो ठोकायचा तेव्हा पत्रा ऐकायचा. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, लाकडी हातोडा घ्यायचा, आणि बॉनेटचा गोल असा उतरवायचा की हात फिरवला तर कुठे सुरू झाला कळायचं नाही. मऊ करायला पत्रा आधी तापवावा लागतो; लोखंड तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम नाही होत. काही न सांगता एकदम वितळून खाली बसतं. तो साबण चोळायचा, साबण किती काळा झाला त्यावरून ओळखायचा. मला ते कधी जमलं नाही. मी पत्रा जाळायचो. म्हणून कामाची वाटणी होती — आखणं, कापणं माझ्याकडे, वाकवणं, ठोकणं त्याच्याकडे. मी मोठा, दुकान माझ्या नावावर, पण कामाची गोष्ट निघाली की तो मला बोलायचा. ‘दादा, पेन्सिल. दादा, सुई ठेव ती. दादा, कितीदा सांगू?’ गिऱ्हाइकासमोर. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी चौथीत शाळा सोडली म्हणून तो दहावीपर्यंत गेला.

असो. ते सोड.

गाडी झाली. देखणी झाली. घड्याळजी बायकोला शेजारी बसवून डोंगरावर गेला. पाचव्या की सहाव्या फेरीला, एका उतारावर गाडी कलली, बायको दारावर रेलली, आणि दार गेलं. उघडलं नाही, गेलं — कड फाटून बिजागरीपासून सुटलं. बाई दारासकट खाली. कंबर मोडली. सात महिने अंथरुणात, मग काठी. पुढे ती माझ्या समोरच्या फुटपाथवरून जायची, त्या काठीचा आवाज मला इथे आत यायचा. मशीन चालू असलं तरी यायचा.

दार दुसऱ्या दिवशी दुकानात आलं. घड्याळजी त्याच्या मागून येणार होता, दुपारी. आला. भिंग घेऊन आला. भांडला नाही, ओरडला नाही. ओट्याशी उभा राहिला, डोळ्याला भिंग लावलं आणि फाटलेल्या कडेवरून इंच इंच गेला. मग म्हणाला, ‘ही कड कुणी घासली आहे.’ तुझा बाप म्हणाला, ‘नाही, फाटताना दगडावर घासली असेल.’ तो खरंच तसं समजत होता. आणि मग आपण होऊन म्हणाला, ‘मी कोपरा फार टोकदार वाकवला. माझा हात चुकला.’ कुणी विचारलं नव्हतं त्याला. घड्याळजीने भिंग खिशात टाकलं आणि गेला. त्या दिवसापासून तुझ्या बापाने हातोडा धरला नाही. गोदामात पोती मोजायची नोकरी घेतली. पोती! बॉनेट उतरवणारा हात पोत्यांवर खडूने खुणा करत राहिला, निवृत्त होईपर्यंत.

म्हणून म्हणतो, सुईची रेघ. आता कळलं ना? उचल पत्रे, गाडीच्या तळाला वापर, तिथे वाकवायचं नाही, तिथे रेघ असली तरी चालते. दारांसाठी मी नवीन पत्रा आणतो, पेन्सिल घेऊन ये.

— काय म्हणालीस?

— हो. म्हणालो मी. आखणं माझ्याकडे होतं. — मग? — दुकानात माणसं किती होती ते काय विचारतेस, सांगितलं ना, दोघं. —

अशी बघू नकोस माझ्याकडे.

— बापासारखीच आहेस. गुण्यात. अर्धा मिलिमीटर सोडत नाहीस.

हो. रेघ माझी. हा राग नंतर काढ, आधी ऐक. मे महिना होता, वर पत्र्याचं छत, आत भट्टी. हात घामाने ओले. पेन्सिलने आखलं, कोपर लागलं, पुसलं. परत आखलं, परत पुसलं. तुझा बाप रिव्हेट आणायला गेला होता. मी सुई उचलली. एक रेघ, दाराच्या बिजागरीकडच्या कडेला, वरपासून खालपर्यंत. चार सेकंदांचं काम. आणि मग — इथवर सांगणार नव्हतो मी तुला. मग मी त्या रेघेवरून पेन्सिल फिरवली. जाड. म्हणजे तो आला की त्याला पेन्सिल दिसावी. सुई दिसू नये. नुसती चूक करून बसलो असतो तर वेगळं. मी झाकली ती. का? तो परत म्हणाला असता, ‘दादा, कितीदा सांगू’ म्हणून. एवढ्यासाठी. धाकट्याचं बोलणं ऐकायचं नव्हतं म्हणून.

कड मी घासली. दार आलं त्या सकाळी, तुझा बाप दुकानात यायच्या आधी. कानस घेतली आणि फाटलेल्या काठावरची रेघेची खूण घालवली. हात चांगला चालला. मला वाटलं, घड्याळजी बघेल, काही सापडणार नाही, देवाच्या मनात होतं म्हणून झालं असं सगळे म्हणतील, संपेल. तुझा बाप ते आपल्या अंगावर घेईल हे माझ्या डोक्यात नव्हतं. शपथ नाही घेत, पण नव्हतं. आणि त्याने घेतलं तेव्हा मी तिथे उभा होतो, या इथे, पत्रा पकडायच्या व्हाइसपाशी. तोंड उघडलं असतं तर दोन शब्द होते. घड्याळजी गेला की सांगू, म्हटलं. मग म्हटलं रात्री जेवताना. मग म्हटलं आठवड्याने, जरा शांत झाला की. मग तो नोकरीला लागला. मग त्याचं लग्न ठरलं, आता कशाला म्हटलं. मग तू झालीस. प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं चाललेलं असायचं, आणि मी म्हणायचो त्यात कशाला. सदतीस वर्षं. चांगलं चाललंय, कशाला. आणि तो परसाकडचं दार उघडत नाही.

— रडायचं काय त्यात. रडू नकोस. तिकडे चिंधी आहे, नको, ती तेलकट आहे.

— नाही. तू सांगायचं नाहीस. ऐक माझं, खाली बस. तू सांगितलंस तर तो म्हणेल, दादाला म्हातारपणी काहीतरी वाटतंय, मनावर घेऊ नकोस. मला वाचवायला बघेल. त्याचा स्वभाव मला माहीत आहे, तुझ्या आधीपासून माहीत आहे. आणि संध्याकाळी घरी येऊन सांगेन असंही नाही म्हणत मी. संध्याकाळपर्यंत मी परत तोच होईन. फोन काढ. — तुझा. माझ्यावरून गेला तर तो उचलून आधी मोटारीचं विचारेल, आणि मी मोटारीचं बोलत बसेन. लाव. — वाजतोय? दे इकडे.

दादा बोलतोय. — हो, ती इथेच आहे, तिला काही झालेलं नाही. ऐक. मधे बोलू नकोस. घड्याळजीच्या दाराची रेघ मी सुईने काढली होती. तुला दिसू नये म्हणून वरून पेन्सिल फिरवली. फाटलेली कड मीच घासली. तुझा हात चुकला नव्हता. — नाही. कधीच नाही. एवढंच होतं.

घे तुझा फोन. ठेवलेला नाही त्याने. बाहेर जाऊन बोल.