दुपारचे पाहुणे

अकोल्याच्या बसस्टँडवर मे महिन्याची दुपार भाजून काढत होती. बाकावर टेकलेली सबीहा ओढणीनं वारा घेत होती. पाठीमागून दोन बायांचं बोलणं कानावर आलं आणि तिचा हात हळूहळू थांबला.

"काहो पार्वताबाई, तुमच्या शिवमच्या लग्नासाठी घर पाहाले पाहुणे आले होते ना?"

"आले होते. पोरीचा बाप दारातूनच म्हणे, घर मातीचं आहे, स्लॅब नाही."

"मंग?"

"मी म्हटलं, आत तं या. हातभर जाड भिती, वर मातीचं धाबं, मांगं निंब. खिडक्या सकाळीच लावून घेतल्या होत्या. मधल्या खोलीत चटई टाकून देली."

"पंखा?"

"लाइन गेलती."

"मंग तं गेलं लगन."

"चहा घेऊन गेली, तं बाप घोरून राहिला. माय भितीले टेकून झोपली. चहा माघारी आणला."

"उठल्यावर होकार देला?"

"नाही. दिवेलागणीले उठले अन् म्हणे, स्लॅबचं पाहा."

"मंग टाकता काय स्लॅब?"

"काहून टाकू? काल निरोप आला. घर नीट पाह्यलं नाही, पुन्हा येतो म्हणे. आजीलेही आणून राहिले."

"कवा?"

"दुपारचेच. म्हणून तं बाजारात आली. हे पाहा, दोन चटया अजून घेतल्या."