टप नसलेली गाडी

...आणि वर तो हवालदार मलाच विचारतो, "काका, काच वर का नाही केली?" आता काच वर करून काय करू, सांगा तुम्ही! काच वर करायची, ती कशाला टेकवायची? वर काहीतरी पाहिजे ना? टपच नाही गाडीला! वर डायरेक्ट आभाळ! तो बिचारा रेनकोटात, मी बिनरेनकोटाचा, दोघं एकमेकांकडे बघतोय, आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि बाजूच्या सीटवर आमची विमला छत्री धरून बसलेली, जशी काय पालखीत निघालीय. हवालदाराने गाडीकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, म्हणाला, "जा." एवढंच. "जा." मला काय वाटलं? काही नाही. ओला होतो, एवढंच.

थांबा, तुम्हाला वाटेल हा कोण मोठा शेठ, उघड्या गाडीतून बायकोला घेऊन पावसात फिरतो. अहो, मी लवू परब, आयुष्यभर बस चालवली! उंच सीट, मोठं स्टिअरिंग, खाली दुनिया मुंगीएवढी. आणि ही गाडी म्हणजे... बसायला आधी वाकायचं, मग एक पाय घालायचा, मग देवाचं नाव घ्यायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं. दोन सीट, लाल रंग, परदेशी बनावट, वय आमच्यापेक्षा जास्त. आत बसलं की बाजूच्या बसचं चाक बरोब्बर कानाशी येतं. ज्या चाकावर जन्म काढला ते असं कानात बोलेल असं वाटलं नव्हतं मला.

गाडी कीथची. कीथ म्हणजे बोरिवलीच्या गावठाणातला माझा शेजारी, त्याचं घर पुढे, आमची खोली मागे, मधे शेड, शेडमध्ये ही. त्याच्या बापाने कुठून तरी आणलेली, बाप गेल्यावर बंद पडली, आणि मग मी आणि कीथ दर रविवारी तिच्या मागे. तो चर्चमध्ये मासला जाऊन यायचा, मी मासे आणून यायचो, आणि मग दोघं जेवणापर्यंत गाडीखाली. वर्षं गेली हो त्यात. इंजिन केलं, ब्रेक केले, खालचा पत्रा सडला होता तो नवीन मारला. राहिलं काय? टप! जुना टप उंदरांनी खाल्ला होता. नवीन टपाचं कापड आणलं, ते आमच्या माळ्यावर. आणि कीथ दर वर्षी म्हणायचा, "लवू, औंदा पावसाच्या आदी टप बसवू, बग." एका वर्षी मी मे महिन्यात गावाला गेलो. एका वर्षी त्याच्या पोराचं, एल्रॉयचं, कॅनडाला जायचं निघालं. एका वर्षी नुसतंच उकडत होतं. "औंदा नक्की, पावसाच्या आदी." आणि यंदा काय झालं? एप्रिलमध्ये एका रविवारी मासहून आला, बायकोकडे, यव्होनकडे, चहा मागितला, आणि चहा यायच्या आत गेला. बसल्या जागी.

मी रडलो नाही. तुम्हाला सांगतो, सगळं गावठाण रडत होतं, आणि मी चर्चच्या आवारात पार्किंग बघत होतो. "मागे घ्या, मागे घ्या, अजून, बस." त्यांचा एकेक नातेवाईक वसईहून, उत्तनहून मोठमोठ्या गाड्या घेऊन आलेला, जागा तेवढीच, कोणीतरी बघायला नको? विमला तेव्हापासून माझ्या मागे, "तुमका काय वाटाक नाय?" नाही वाटलं. काय करू? रेशनवर मिळतं का, की जाऊन थोडं घेऊन येऊ?

बरं, मग गाडी विकायचं ठरलं. गावठाणातलं घर पाडून बिल्डिंग होणार, शेड जाणार, गाडी ठेवायची कुठे? आणि यव्होन म्हणाली, सकाळी खिडकी उघडली की आधी तीच दिसते, आता नको वाटतं. गिऱ्हाईक मिळालं मुलुंडचं. जयंतीभाई. लग्नाचा हॉल काढला त्यांनी नवीन, त्यांना गाडी पाहिजे होती. बघून गेले मे महिन्यात, कडकडीत उन्हात, तेव्हा टपाचा विषय कशाला निघेल? आणि हॉलचा मुहूर्त धरला जुलैमध्ये. जुलै! भर पावसात, दुपारच्या आत गाडी दारात उभी पाहिजे.

मी म्हटलं टेम्पोवर चढवू, वर ताडपत्री टाकू, आरामात जाईल. तर यव्होन म्हणाली, "लवू, कीथ गेला तो लोकांच्या खांद्यावर. ती तरी आपल्या पायाने जाऊ दे." आता ह्यावर तुम्ही काय बोलाल? चावी घेतली.

आणि विमला! ही कशाला आली? तर म्हणे, मुहूर्ताचं जेवण आहे, नवीन साडी नेसले आहे, आणि तुम्हाला एकट्याला सोडणार नाही. हातात छत्री, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा, कारण दुसऱ्याच्या कार्यातलं जेवण उशिरा मिळतं हा तिच्या माहेरचा अनुभव. निघालो. हायवेला लागेपर्यंत नुसती भुरभुर होती. कांदिवलीला जो आला ना... अहो, पाऊस म्हणू नका त्याला, कोणीतरी वरून बादल्या उपड्या करत होतं. छत्री उलटी झाली. विमलाने ती सुलटी केली आणि पुढे धरली, ढालीसारखी. म्हणजे आता मला रस्ता दिसेना, छत्रीवरची फुलं दिसतायत! म्हटलं मिट ती. मिटली. मग काच. काचेला वायपर असतो बाहेरून, पण ह्या गाडीत पाऊस आतून पण! बाहेरून वायपर, आतून विमला. एका लयीत दोघं चालले होते.

आणि पाय! आम्ही दोघांनी जीव तोडून नवीन पत्रा मारला होता ना खाली? जुन्याला भोकं होती, त्यातून पाणी गेलं असतं. ह्याला एक भोक नाही! कीथ कौतुकाने म्हणायचा, "थेंब आत येनार नाय लवू." बरोबर, खालून नाही आला. पण वरून आला तो जाईल कुठे? गोरेगावपर्यंत घोट्याच्या वर पाणी. पाय इतके बधिर झाले की ब्रेकवर आहेत का क्लचवर, ते खाली बघून ठरवायला लागत होतं, आणि खाली बघितलं तर गढूळ पाणी, पाय कुठे दिसतायत! गोरेगावला एका बाईकवाल्याने विचारलं, "अंकल, शूटिंग है क्या? कॅमेरा किधर है?" एका रिक्षावाल्याने सल्ला दिला, "छत लगा लो ना चाचा." जणू काय मला हे सुचलंच नव्हतं! पुढच्या पुलाखाली सगळे बाईकवाले पावसाला थांबलेले, त्यांनी सरकून सरकून मला जागा केली, एकाने विमलाला बिस्किट दिलं. चारचाकीतून उतरून कोणी पुलाखाली थांबतं का हो? मी थांबलो. मला काय वाटलं? काही नाही. ओला होतो, एवढंच.

पुन्हा निघालो, सिग्नलला विमलाने परत छत्री उघडली, तिथेच तो हवालदार भेटला, मग लिंक रोडला वळलो, आणि पवईच्या चढावर गाडी बंद. खोकली, एक गचका दिला, आणि गप्प. मागे बस, बाजूला डंपर, पुढे पाणी. मी उतरलो, बॉनेट उघडलं, इंजिनाला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात पाणी गेलं होतं, दुसरं काय होणार! आता पुसायला कोरडं काय? सगळ्या मुलुखात कोरडा एकच, विमलाच्या डब्यावरचा नॅपकिन! त्याने पुसलं, टोपण बसवलं, सेल्फ मारला. खर्र, खर्र. नाही. पुन्हा मारला. नाही.

आणि तेवढ्यात डिव्हायडरवर एक कावळा येऊन बसला. भिजलेला, माझ्यासारखाच, आणि टक लावून बॉनेटकडे बघतोय. विमलाने माझा दंड धरला. "अहो, कावळो." म्हटलं, दिसतोय. म्हणाली, "तेची कायतरी इच्छा रवली आसा. बोला तेका."

म्हणजे बघा, आमच्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की समजायचं गेलेल्याच्या मनात काहीतरी अडलंय. मग घरचे एकेक जण पुढे येऊन हात जोडून बोलतात, पोरांना बघू, म्हातारीला सांभाळू, बांधाची भांडणं मिटवू. खरं ते बोललं गेलं की कावळा शिवतो. पण हे आमच्यात! मी म्हटलं, "अगं, कीथ ख्रिश्चन होता." तर म्हणाली, "तां कावळ्याक खंय ठावक?"

आता काय वाद घालणार? मागची बस हॉर्न मारतेय, डंपरवाला शिव्या देतोय, आणि मी, लवू परब, बॉनेटसमोर हात जोडून उभा, लिंक रोडवर, धो धो पावसात! म्हटलं, "कीथ, यव्होनला आम्ही अंतर देणार नाही." विमलाने आतून सेल्फ मारला. खर्र. नाही. "एल्रॉयचं लग्न झालं की तुझ्या वाटणीचा मी नाचेन." नाही. "अरे, तुझी ती अर्धी बाटली माझ्याकडे आहे, तुझ्या कबरीवर ओततो." नाही! बसचा ड्रायव्हर उतरून आला, भांडायलाच आला होता, पण कावळा बघितला, जोडलेले हात बघितले, आणि चप्पल काढून बाजूला उभा राहिला. आमच्याच बाजूचा निघाला, देवगडचा. हळूच म्हणाला, "नीट आठवा, काका. मोठी गोष्ट नसता, बारीकच आसता कायतरी."

आणि मला माहीत होतं हो. पहिल्यापासून माहीत होतं. बोलवत नव्हतं.

म्हटलं, "कीथ, टप बसवतो रे. पावसाच्या आदी नाही जमलं आपल्याला. पण बसवतो."

विमलाने सेल्फ मारला. चालू!

आता तुम्ही म्हणाल, टोपण पुसलं होतं, तेवढ्या वेळात ओल उडाली. मी पण तेच म्हणतो! बस ड्रायव्हर तसं म्हणत नाही, विमला तर नाहीच नाही, आणि कावळा उडून गेला, तो काही बोलला नाही.

पोचलो. मुलुंडला, मुहूर्ताच्या तोंडावर, गुडघ्यापर्यंत पाणी घेऊन. दार उघडलं तर आमच्याबरोबर अर्धा तलाव जयंतीभाईंच्या रांगोळीवर! ते रागावले नाहीत, म्हणाले, पाणी शुभ असते. पोरांनी ढकलत गाडी आत नेली, कारण गाडी बाहेर ठेवणारच नव्हते ते! आत, हॉलच्या मधोमध, गोल चौथऱ्यावर! नवरानवरी तिच्यात बसून फोटो काढणार. पेट्रोल काढून टाकायचं, चाकांना ठोकळे लावायचे, आणि विषय संपला. म्हणजे ती आता कधीच रस्त्यावर येणार नाही. पाऊस म्हणून बघणार नाही. आणि मी पवईच्या चढावर काय कबूल करून आलोय?

जयंतीभाईंना बाजूला घेतलं, म्हटलं, ह्या गाडीला टप बसवायचाय मला. त्यांनी बोट वर केलं. "टप कशाला पायजे, लवूभाय? वर पीओपी आहे ने."

खरंच होतं. पांढरंशुभ्र पीओपी, मधे झुंबर. मी वर बघितलं. कोणीतरी मला टॉवेल दिला, विमलाने डोकं पुसलं, मी खुर्चीवर बसलो, पाय हळूहळू माझे मला परत मिळायला लागले, आणि समोर ती गाडी. लाल. दिव्यांत. मागे दोन रिकाम्या खाचा, टपाच्या. आणि मग मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. वाजंत्री वाजत होती, लोक पेढे वाटत होते, आणि मी लहान पोरासारखा रडलो हो, एप्रिलपासूनचं सगळं. तोपर्यंत वाटलं नव्हतं, आणि आता का? तर कोरडा होतो, एवढंच.

जयंतीभाई घाबरले. मुहूर्ताच्या दिवशी हॉलमध्ये रडणं! विमलाने त्यांना सगळं सांगितलं, कीथ, दहावा, कावळा. त्यांनी कावळ्याच्या नावाने हात जोडले. म्हणाले, "कावळ्याला बोलला तुम्ही? मग बसवा बाबा, बसवा. मला हॉल चालवायचाय."

तर आता असं आहे. दर रविवारी, लग्न नसेल तेव्हा, मी माळ्यावरचं कापड घेऊन बोरिवलीहून मुलुंडला जातो. शेवटचा पल्ला रिक्षाने. रिक्षाला दारं नाहीत, पाऊस दोन्ही बाजूंनी आत, चिंब भिजतो. मग हॉलमध्ये शिरतो, पंख्याखाली वाळतो, आणि पीओपीच्या खाली, जिथे थेंब पडणार नाही, तिथे बसून टप शिवतो. तिथला वॉचमन परवा विचारत होता, काका, होणार कधी? म्हटलं, औंदा नक्की. पावसाच्या आदी.