मुंडी लावलीस का?

बायडी : कंद काढलेस, मुंड्या लावल्यास का परत?

दिनेश : आये, आधी हे प्रमाणपत्र तरी बघ. मुरबाडच्या प्रदर्शनात आपल्या टेकाडावरच्या चाईच्या कंदांना पयला नंबर आलाय.

बायडी : इचारलं ते सांग. वेलाकडची मुंडी कापून खड्ड्यात पुरलीस का नाय?

दिनेश : नाय. प्रदर्शनाचे साहेब बोलले, कंद अख्खा पायजे. कापलेला टेबलावर शोभत नाय.

बायडी : सगळेच तसे दिलेस?

दिनेश : दोन पोती.

बायडी : म्हंजे टेकाडच रिकामं केलंस.

दिनेश : साहेब भाषणात बोलले, हा कंद जगाची भूक भागवंल. खत नको, पाणी नको. मी पुढं बसलेलो आये, खुर्चीवर. आपल्या कातकरवाडीतला कोण बसलाय तिथं कधी?

बायडी : बसलास ते बरं झालं. मलाबी बघाय आवडलं असतं. पण तुझ्या बापानं मरेपर्यंत एक मुंडी वाया घालवली नाय रे. म्हणून ते टेकाड आपल्याला पोसत आलं.

दिनेश : उद्या जाऊन मागून आणतो.

बायडी : ठेवलेत त्यांनी?

दिनेश : ...शिजवून लोकांना चाखाय दिले. साली नि मुंड्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

बायडी : तुझ्या बायकोला, रंजनाला सातवा म्हयना लागलाय. पोटुशीनं विटा उचलू नये म्हणून यंदा आपण भट्टीला गेलो नाय. कशाच्या भरवशावर? होळीपासून पाऊस पडंपर्यंत काय खायाचं?

दिनेश : रेशनचे तांदूळ हायेत.

बायडी : पंधरा दिस पुरतात. पुढं?

दिनेश : सुचलंच नाय गो. पयल्यांदा कोण आपल्याकडं मागाय आलेलं. नायतर आपणच जातो मागाय.

(बायडी ओटीतून मातीनं माखलेली एक मुंडी काढते.)

बायडी : टेकाडावर खड्डे बघूनच आले मी. वाटलं, दुसरीकडं कुठं लावल्या असशील. ही एक गावली, खणताना पारयीनं तुटून पडलेली. पुरून येते. दोन-तीन वर्सांत खायाजोगा कंद धरंल.

दिनेश : आणि यंदा?

रंजना : (आतून येत) भट्टीवाल्याचा टेम्पो सकाळी येतोय, बाईजाकाकीनं सांगितलं. बोचकं बांधलंय मी. ते प्रमाणपत्र द्या इकडं. लुगड्याच्या घडीत ठेवते, चुरगळायचं नाय.