सतरावी ओळ

— न्हाय तात्या, सही न्हाय करणार म्या. तो कागद खिशातच राहू द्या. बसा की, बाज टाकलीय लिंबाखाली — आत या म्हणत न्हाय, तुमी येणार बी न्हाय. दूध संस्थेचे चिटणीस भर उन्हात वस्तीवर आले, ते बी माझ्या एका सहीसाठी, म्हंजे सहीला किंमत हाय म्हणायची. आजवर कवा आला होतात हिकडं? मतं मागायला. जाऊ द्या. टँकरची यादी चुकली असं त्या कागदावर लिहून आणलंत म्हणता. कुणी करायला लावली यादी? तुमीच. संक्रांतीला गावी आले होते तर म्हणालात, कडूबाई, तू औरंगाबादला विद्यापीठात त्या संगणकावर याद्याच करायला शिकतीस न्हवं, मग गावाची करून दे, भूमला तहसिलीत टँकर मागायचाय, छापलेला कागद बघून साहेब नाही म्हणायचा न्हाय. केली. चार दिवस उंबरा न् उंबरा हिंडले. टँकर मंजूर झाला — व्हय का न्हाय? तवा चार माणसांत पाठ थोपटलीत. मग आता पोरीचं डोकं फिरलं असं गावभर का सांगायलात?

म्या सांगू का ते? वस्तीपायी. तुमच्या जुन्या वहीत गावातलं एकेक घर नावानिशी — तुमचं, तुमच्या भावाचं, दगडोबाचं — आणि पार तळाला एक ओळ. वस्ती, घरं चौदा. वस्तीचं नाव बी जुनंच लिहिलेलं, छप्पनच्या आधीचं; आज्यानं दीक्षा घेतल्याला तीस वर्सं झाली, पण तुमच्या वहीला कुणी सांगितलंच न्हाय. एक ओळ म्हंजे एक नंबर. गावाचं भरून झालं की टँकरच्या बुडाला राहील ते वस्तीचं, चौदा घरांनी भांडून घ्यावं. माझ्या यादीत वस्तीच्या सतरा ओळी हायत. सतरा चुली, सतरा नावं, सतरा नंबर — आणि ते नंबर गावातल्या नंबरांत मिसळलेले, तळाला न्हायत. धुरपताबाईचा नंबर तुमच्या भावाच्या आधी येतो. हेच बोचायलंय न्हवं?

खरं सांगू का, पैल्यांदा म्या बी तुमच्यासारखंच केलं होतं. आमच्या वर्गात तीस पोरं आणि संगणक एक, दोन महिने तर सरांनी फळ्यावरच शिकवलं — मग एकदाचं त्या खोलीत नेलं. थंडगार खोली, आणि दाराशी पायताणं काढायची. म्हणलं, इथं बी? चावडीपुढनं जाताना आमचा आजा पायताण हातात घ्यायचा, ते डोळ्यापुढं आलं. मागं वळून बघते तर समदेच काढायलेत — डॉक्टराचं पोर, सर, मोठा साहेब आला तर तो बी. धुळीनं यंत्र बिघडतं म्हणून. त्या दिवसापासनं ती खोली मला माझी वाटायला लागली. तर त्या खोलीत बसून तुमच्या वहीतली ओळ हाय तशी टाकली — वस्ती, घरं चौदा. आमचे महांतप्पा सर, उमरग्याकडचे, लई मऊ बोलणारे, पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या एका खान्यात चौदा घरं कशी ठेवलीस? ह्यातलं एक शोधायचं झालं तर सापडेल का?" त्यांना आमची वस्ती ठाव न्हाय, तात्या. ते नुसता धडा सांगत होते — एका खान्यात एकच गोष्ट, एका ओळीत एकच घर, आणि त्याला त्याचा स्वतःचा नंबर, दुसऱ्या कुणाचा नसलेला. पैल्या वर्षाच्या पोरांना सांगायची साधी गोष्ट. बाकीच्यांनी वहीत उतरून घेतली. मला रडू आलं. इतकं सरळ कुणी कधी सांगितलंच न्हवतं.

मग घर सोडलं आणि चूल धरली. धुरपताबाईच्या पोरांनी तिची चूल वेगळी मांडून दिली — तर ती तिची ओळ. सुमनबाईचा नवरा गेला, दीर कारभारी म्हणून मिरवतो, पण चूल तिची, तर ओळ तिची. दीर भांडायला आला होता, त्याला बी हेच सांगितलं. काय म्हणालात? — व्हय. काल माझी आई रिकामी घागर घेऊन परत आली. ठाव हाय मला. दगडोबा टँकरच्या पाइपापाशी यादी वाचत होता, वस्तीतली सतरावी ओळ, पिराजी — आणि पिराजी तर गावात राहत न्हाय, गाव सोडलेल्याच्या नावावर पाणी न्हाय, नियम तुमच्या पंचांचा. बरोबर वाचलं त्यानं. जाईबाई हे आईचं नाव यादीत न्हायच. यादी माझी. त्यासाठीच आलात तुमी, की बघ पोरी, तुझ्या यादीनं तुझ्याच आईला परत लावलं, त्यापेक्षा जुनी एक ओळ बरी, समदे मिळून घ्या.

ऐका मग. बाप तेरखेड्याला जाऊन सहा वर्सं झाली. शोभेच्या दारूच्या कारखान्यात हाय, तिथं दुसरं घर केलंय, हे गावाला ठाव हाय. विद्यापीठात कुणाला ठाव न्हाय. मी लिहायला बसले तर दोन्ही अंगाला वर्गातल्या पोरी, त्यांचे डोळे पडद्यावर. सुमनबाई लिहिली, धुरपताबाई लिहिली, आणि आईपाशी आले तर हात अडला. घरप्रमुखाच्या खान्यात म्या बाप लिहिला. दुसऱ्यांचं खरं लिहिलं, आपलं तेवढं खोटं. लाज वाटली, तात्या. जिनं दुष्काळी कामावर खडी फोडून मला शिकवली, तिच्या नावाची लाज वाटली. तुमच्या वहीनं तिला चौदा घरांत दडवली होती, म्या तिला बापामागं दडवली. हे आईला अजून सांगितलेलं न्हाय. तुमाला का सांगितलं कुणास ठाव.

तर यादी चुकली, कबूल. पण तुमी म्हणता तिथं न्हाय. हे बघा — हा माझ्याकडला यादीचा कागद, संगणकाचा, दोन्ही कडंला भोकं पाडलेला, आणि हा पेन. पिराजी, खोडलं. जाईबाई. दिसतंय न्हवं तिथनं? नंबर तोच. उद्या सकाळच्या एस्टीनं भूमला जाते आणि तहसिलीतल्या कागदावर बी हेच करून आणते. सही करायची तर तिथं करीन. आईची घागर तुमी आपल्या हौदातनं भरून देता म्हणता, कुणाला न सांगता — नको. तिला तिच्या नंबराचं पाणी पायजे, समद्यांसमोर, नाव पुकारून.

झालं, उठा आता. ऊन चढायलंय. — काय? पाणी?

घसा कोरडा पडला म्हणता. तात्या, माझ्या आठवणीत तुमी आमच्या घरचं पाणी मागायची ही पैली खेप. आणि घरात थेंब न्हाय. सतराव्या ओळीला काल पाणी मिळालं न्हाय — आत्ताच ऐकलंत न्हवं? परवा टँकर आला की जाईबाईचं नाव पुकारा, आणि मग या.