न उचलायचा फोन

शाळेच्या नियमांवरून आठवलं. आम्ही अमेरिकेत चँडलरला होतो, माझी मुलगी सई आठवीत. एकदा वर्गात तिच्या दप्तरातला फोन घरघरला आणि टीचरनी जप्त केला. परत हवा असेल तर पालकांनी ऑफिसात यायचं.

व्हाइस प्रिन्सिपल बाईंनी फोन टेबलावर ठेवला. "रोज तीनला पाच कमी असताना तुमचाच कॉल येतो. वर्ग चालू असताना आईशी गप्पा?"

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, नियम वाचायचाच पगार घेते. म्हटलं, "नियम दाखवा." त्यात लिहिलं होतं, शाळेच्या वेळात फोनवर बोलायचं नाही, मेसेज करायचा नाही. बस.

"आता कॉल्सची यादी बघा. तिने एक तरी उचललाय?"

त्यांनी खालपर्यंत पाहिलं. सगळे मिस्ड.

"मग तुम्ही रोज फोन करता कशाला?"

"तिने उचलू नये म्हणून."

शेजारी उभी सई पुटपुटली, "आई, प्लीज स्टॉप." मी कसली थांबतेय. सांगितलं, एक रिंग म्हणजे मी गेटवर पोचले. आमच्याकडे अर्धा देश असाच निरोप देतो. बाईंनी फोन सईच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात मी गेटवर उभी होते. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी फोन लावला, एक रिंग दिली आणि कट केला. दोन मिनिटांत त्याच बाई पर्स सावरत आल्या आणि त्या गाडीत बसल्या. काच खाली करून मला म्हणाल्या, "मी उचलला नाही हं."