मायाक्कांचा आवाज आणि कपाटावरचा डबा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय वैजयंतीताई, हे सभागृह मोकळ्या मनाने देणारे मल्लिनाथअण्णा, सत्कारमूर्ती मायाक्का आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या भजनी मंडळाच्या बहिणींनो,

मी मंडळाचा जमाखर्च लिहिणारी बाई. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

आज मायाक्का भजन सांगणं थांबवत आहेत, म्हणून हा निरोप. का थांबवत आहेत? सगळ्या म्हणतील, आवाज गेला. त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि मान वर होत नाही.

गेल्या महिन्यात आपण त्यांचं भजन मोबाईलवर उतरवलं आणि ऐकायला मंडळासाठी स्टिरिओ आणून माझ्याकडे ठेवला. दोन लहान स्पीकर आणि एक जड काळा डबा, सबवूफर. ढोलकीची घुम त्या डब्यातून येते. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, हा जमिनीवर ठेवा." महादेवाचं नाव घेणारी वस्तू पायाशी ठेवू? आमच्या ह्यांनी वायरी जोडल्या आणि मी डबा देवघराशेजारच्या कपाटावर चढवला. हळदकुंकू वाहिलं. वर ताम्हण आणि घंटा ठेवली, जागा कशाला वाया घालवायची! मागे दोन बटणं. एक आवाज वाढवायचं, दुसरं कुठपर्यंतचे सूर डब्याने घ्यायचे ते ठरवायचं. मी दोन्ही शेवटपर्यंत फिरवली. घेतलेली वस्तू पुरेपूर वापरायची, हा माझा स्वभाव तुम्ही जाणताच.

मग आपण ऐकायला जमलो. आणि काय ऐकू आलं? घोगरं, फाटकं, थरथरणारं काहीतरी. आधी मायाक्काच हसल्या. "अगं बाई, ह्यो माजा आवाज हाय व्हय? म्हस हंबरतीय की!" आपणही हसलो. चहा मात्र त्यांनी घेतला नाही. जाताना म्हणाल्या, "रुद्राणी, आदीच सांगायचं की गं. लई तरास दिला मी तुमाला." आणि मी काय म्हणाले? "वयाप्रमाणं व्हायचंच की, अक्का."

परवा सकाळी आजच्या आरतीसाठी घासायला म्हणून मी ताम्हण-घंटा खाली काढली. स्टिरिओवर मायाक्कांचं भजन चालूच होतं. थरथर एकदम थांबली! मायाक्कांचा आवाज फाटला नव्हता, ताम्हण वाजत होतं. मग डबा खाली पाटावर घेतला, भिंतीपासून पुढे ओढला, दोन्ही बटणं मागे फिरवली. ढोलकी डब्यात राहिली आणि मायाक्का लहान स्पीकरमधून गाऊ लागल्या, जशा देवळात गातात तशाच. मी ते भजन पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून या माइकपर्यंत तोंड उघडलं नाही.

डबा चुकीचा लावला, तो अडाणीपणा. पण आपण ऐकायला जमलो त्याच आठवड्यात सोमवारी देवळात आपण त्यांच्या मागे बसून टाळ धरले होते ना? तेव्हा कुणाच्या कानाला आवाज खुपला? आपल्या कानांवर नाही, एका डब्यावर आपण विश्वास ठेवला आणि हार आणायला धावलो. सगळ्यांत पुढे मी.

तेव्हा अध्यक्षांना न विचारताच बोलते. मायाक्का, पांघरलेली शाल परत मागत नाहीत, ती तुमचीच. निरोप मात्र मी परत मागते. येत्या सोमवारी पहिली ओळ तुम्हीच सांगा.

अण्णांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मायाक्का, तुमची माफी मात्र इथून मागत नाही. त्यासाठी उद्या तुमच्या घरी येते. दार उघडा म्हणजे झालं.